तीस पावलं अलीकडे

सर्र… सर्र… मग जरा थांबून पुन्हा सर्र.

जन्मल्यावर माझ्या कानावर पडलेला हा पहिला आवाज. शंभर वर्षं होत आली, तरी तो तसाच कानात आहे. गोणपाट गुंडाळलेला लोखंडी पाइप बारीक वाळूवरून ओढला, की असा आवाज येतो. कुणीतरी कुणाला तरी मायेनं गोंजारत होतं. पण तो आवाज माझ्यासाठी नव्हता. शेजाऱ्यासाठी होता. माझी सगळी कहाणी एवढ्यातच आली म्हणा. पण तुम्ही घडीभर थांबलाच आहात, तर सावकाश सांगतो.

मी एक खड्डा बोलतोय. भिंगारच्या पुढे, लष्कराच्या कॅम्पाच्या कडेला जुनं गोल्फचं मैदान आहे, तिथला सातव्या होलचा वाळूचा खड्डा. साहेब लोक मला बंकर म्हणतात. हा खेळ मला कुणी शिकवलेला नाही, पण बघून बघून एवढं कळलं आहे, की लांबच्या चौथऱ्यावर उभं राहून काठीनं चेंडू मारायचा आणि थोड्या फटक्यांत तो झेंड्याजवळच्या वाटीएवढ्या भोकात घालायचा. अशी नऊ भोकं, म्हणून नऊ टप्पे; एकेका टप्प्याला होल म्हणतात. वाटेत आम्ही खड्डे असतो. आमच्यात चेंडू पडला, की भल्याभल्यांचा तोंडावरचा ताबा सुटतो.

माझा जन्म कसा झाला ते आधी ऐका, कारण दुखणं तिथूनच सुरू झालं. एका गोऱ्या साहेबानं हे मैदान आखलं. गवताला पाणी कुठून आणणार? आपला मुलूख कोरडा. म्हणून त्यानं झेंड्याभोवती गवत लावलंच नाही. बारीक चाळलेली वाळू तेलात कालवून तिचं गोल अंगण केलं. त्याला ब्राऊन म्हणतात. आधी तो ब्राऊन झाला आणि मग त्याच्या अगदी अंगाला लागून मला खणलं. तो ‘सर्र सर्र’ आवाज मी तिथूनच ऐकला.

पण साहेब लांब चौथऱ्यावर जाऊन उभा राहिला, डोळे बारीक करून पाहत राहिला आणि पांढरा रुमाल हलवून ओरडला, की बुजवा. मला बुजवलं. मग तीस पावलं अलीकडे, चौथऱ्याच्या दिशेला, पुन्हा खणायला लावलं. डोक्यावर घमेलं घेतलेली आक्काबाई नावाची एक बाई होती. ती म्हणाली, “सायबाचं कायतरी हरवलंय जनू. हितं घावलं न्हाई, आता तितं हुडकतोय!” सगळे खोऱ्यावर रेलून हसले.

मला मात्र हसू आलं नाही. ज्याच्या शेजारी जन्मलो, त्याच्यापासून तीस पावलं लांब मला आणून टाकलं, ते कशासाठी हे मला कुणी सांगितलं नाही. साहेबानं माझी पुढची कड जरा उंच करून घेतली, नदीची पांढरी वाळू माझ्यात ओतली आणि तो निघून गेला. मला वाटलं, मी चुकीच्या जागी पडलेला, नकोसा खड्डा आहे.

तसं बघायला गेलं तर या मैदानात प्रत्येकाचं कौतुक आहे. तिसऱ्या होलला वाट चिंचेला वळसा घालून जाते. लोक चिंचेखाली टेकतात, म्हणतात, काय जागा आहे! पाचव्याला ओढा आडवा येतो. वर्षातले दहा महिने त्यात पाणी नसतं, तरी त्याचे फोटो काढतात. माझ्यात उभं राहून फोटो काढलेला माणूस मी कालपरवापर्यंत पाहिला नव्हता. माझ्यात येतो तो चिडलेलाच येतो. एक जाडेसे निवृत्त साहेब होते. इकडं तिकडं बघून चेंडू हळूच बुटानं बाहेर ढकलायचे आणि वर येऊन मोठ्यानं म्हणायचे, “एकाच फटक्यात काढला!” मी कुणाला सांगणार? एकदा एक जण माझ्यात उभा राहून मोबाईलवर बायकोला सांगत होता, “अगं, मीटिंगमध्ये आहे.” माणसाचं खरं तोंड खड्ड्यात दिसतं. पण खरं तोंड पाहिलेल्याला कुणी जवळ करत नाही.

आणि ब्राऊन? त्याची ऐट काय सांगू!

खेळणारे आले, त्याच्यावरून चालले, की त्याच्या अंगावर पावलं उमटायची. ते गेले, की लगेच पाइप फिरवायचा. त्याचीही रीत ठरलेली होती. भोकापासून सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत बाहेर यायचं, शंखावरच्या रेघेसारखं. म्हणजे ओढणाऱ्याची पावलं पाइपाखालीच पुसली जातात आणि शेवटी तो कडेवरून बाहेर पाऊल टाकतो तेव्हा मागं एकही खूण राहत नाही. अशी दिवसातून आठ-दहा वेळा त्याची आंघोळ. माझ्यात कुणाची पावलं उमटली तर कुणीतरी येता-जाता पायानं वाळू सारखी करतं. तेही आठवण झाली तर.

पस्तीस वर्षं हे काम भीमराज करत आला. भिंगारचाच. पोरसवदा होता तेव्हा आला. आता कानशिलं पिकली, गुडघे बोलायला लागले. बोलायला कमी, चालायला हळू. पण ब्राऊनपाशी आला की त्याला वाचा फुटायची. सकाळी आल्या आल्या म्हणायचा, “काय शेठ, झोप झाली का?” हाताच्या पंजानं वाळू चाचपायचा. तेल कमी वाटलं, तर गाड्यांचं जळकं ऑइल डब्यातून आणून इतक्या बेतानं शिंपडायचा, जणू जेवायला बसलेल्याच्या भातावर कुणी तूप वाढावं. आणि पाइप फिरवून बाहेर आला, की एकदा मागं वळून पाहायचा आणि हळूच म्हणायचा, “बास, शेठ.”

दोनच शब्द. पण त्या दोन शब्दांसाठी मी किती वर्षं तीळ तीळ तुटलो, ते माझं मला माहीत. पाइपाचं मला एवढं काही वाटत नव्हतं. मला तो शब्द हवा होता.

माझ्या वाट्याला भीमराजची एकच गोष्ट यायची. उन्हाळ्यात, होळी झाली की, तो रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या पाणी माझ्यावर मारायचा. ब्राऊनला पाणी नाही, मला पाणी! तापलेल्या अंगावर ते पाणी पडलं की मी सुखानं डोळे मिटायचो. मनात म्हणायचो, बोलत नाही, पण माया आहे. काही माणसांना बोलून दाखवता येत नाही. या एका समजुतीवर मी पस्तीस उन्हाळे काढले.

मग गेल्या दोन-तीन वर्षांत मैदानाचं रूप पालटलं. वापरलेलं पाणी शुद्ध करून आणायची पाइपलाइन आली आणि एकेक ब्राऊन खणून तिथं हिरवंगार गवत लावलं. पहिला गेला, दुसरा गेला, करता करता आठ गेले. सातवा तेवढा राहिला. भीमराजनं मैदानाच्या कमिटीपुढं हात जोडले होते. “माझं एक वरीस ऱ्हायलंय. त्यो बी जुना, मी बी जुना. एवढा एक ऱ्हाऊ द्या.” कमिटीच्या साहेबांनी सांगितलं, पुण्याहून मैदानं आखणाऱ्या मॅडम येणार आहेत. त्या बघतील. त्यांनी चांगला म्हटलं तर राहील, नाहीतर काढू.

खोटं कशाला बोलू? ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

मॅडम यायच्या आदल्या संध्याकाळी भीमराज बादल्या घेऊन माझ्याकडे आला. तेवढ्यात हेड माळी भाऊसाहेब मागून आले. कडक इस्त्रीचा माणूस, आवाज मोठा.

“ए भीमराज, पानी मारू नको त्याला.”

“का वो? ऊन लई हाय.”

“भिजली की वाळू काळपट दिसती. उद्या मॅडम येणार. पांढरीफेक दिसली पायजे, कशी? नव्या धोतरावानी!”

“पन भाऊसाहेब, वाळली तर…”

“एक दिवसानं मरत न्हाई तो. सांगितलं तेवढं कर.”

भीमराज बादल्या तशाच उचलून गेला. आणि मी फुगलो! पहिल्यांदाच मला कुणी नटवत होतं. सकाळी मनकर्णाबाईनं माझ्यातली पालापाचोळ्याची काडी न् काडी वेचली. उन्हात मी असा चमकत होतो, की माझाच मला विश्वास बसेना.

मनकर्णाबाई भीमराजच्या बरोबरीनं कामाला लागलेली. जिभेनं तिखट. ती भीमराजला म्हणाली, “आवं, तुमी या खड्ड्याला येवढं पानी पाजता आन आज पाव्हनं येनार तर कोरडा ठिवला?”

“भाऊसाहेब म्हनलं.”

“मग तोंड का पाडलंय? जीव लागलाय व्हय खड्ड्यावर?”

भीमराज हसला. म्हणाला, “खड्ड्यावर कशाला जीव लागंल? त्याला पानी मारतो त्ये ब्राऊनसाठी. ह्यो वाळला की उडतो आन वारं ह्याची वाळू न्हेऊन शेठच्या अंगावर टाकतं. त्येलात कोरडी वाळू बसली की ब्राऊन नासला. म्हनून ह्याला दाबून ठिवायचा, दुसरं काय?”

बस. एवढंच तो बोलला आणि पाइप घेऊन ब्राऊनकडे गेला. थोड्या वेळानं सर्र… सर्र… सुरू झालं. शेवटी “बास, शेठ” पण ऐकू आलं.

पस्तीस उन्हाळ्यांचं ते पाणी एका क्षणात माझ्या अंगातून आटलं. मला कुणी पाजलंच नव्हतं. दुसऱ्याच्या अंगणात धूळ नको म्हणून दारातल्या मातीवर सडा घालावा, तसा तो सडा होता.

अकराच्या सुमाराला भीमराज मॅडमच्या काठ्यांची पिशवी घ्यायला चौथऱ्याकडे गेला. मैदान सामसूम होतं. आणि पश्चिमेकडून वावटळ उठली. वैशाखात आमच्याकडे अशा उठतातच; भिंगरीसारख्या गरगरत, कागद, पानं उचलत येतात. इतकी वर्षं वावटळ आली की मी अंग आवळून धरायचो, ओल धरून ठेवायचो. त्या दिवशी ओल नव्हती हे खरं. पण मी अंग आवळूनही धरलं नाही. ती माझ्यावर आली तेव्हा मी मनात म्हणालो, घे. हवी तेवढी घे.

पांढरा लोट उठला. तीस पावलं चालत गेला आणि ब्राऊनवर बसला.

लांबून भीमराजनं ते पाहिलं. पिशवी खाली टाकून तो म्हणाला, “भाऊसाहेब, मी जरा पुढं जातो. वाळू आलीय वर. हातझाडूनं काढून घेतो, दहा मिन्टं.”

“आता मॅडम मारणार आन तू मधी झाडू मारीत बसणार? हल जागचा तर बघ!”

अश्विनी मॅडम चाळिशीच्या, डोक्याला टोपी, हातात वही. त्यांनी चौथऱ्यावरून पाहिलं, चेंडू मारला. तो आला तो थेट माझ्यात.

आता शिवी येणार म्हणून मी थांबलो. मॅडम मात्र तिथूनच मोठ्यानं हसल्या. भराभर चालत आल्या, माझ्या उंच कडेवर उभ्या राहिल्या, पुढं ब्राऊनकडे पाहिलं, आणि मग माझ्यापासून ब्राऊनपर्यंत एकेक पाऊल मोजत गेल्या. तीस. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा जत्रेतून आलेल्या पोरीसारखा झाला होता.

“भाऊसाहेब, हा खड्डा इथे कुणी ठेवला?”

“जुनाच हाय मॅडम. चुकून लांब खणलाय वाटतं. बुजवायचा का?”

“चुकून? अहो, हा खड्डा म्हणजे या मैदानाचा मेंदू आहे! चौथऱ्यावरून पाहा. खड्ड्याच्या कडेला लागूनच झेंडा आहे, असं वाटतं की नाही? ही कड मुद्दाम उंच केली आहे. तिच्यामागे जमीन दबलेली आहे, ती डोळ्याला दिसतच नाही. मधली तीस पावलं गायब होतात. माणूस म्हणतो, एवढंच तर आहे, आणि हात आखडतो. मग चेंडू इथे पडतो. मी इतकी मैदानं पाहिली, तरी फसले! ब्राऊनला चिकटून असता, तर हा साधा खड्डा झाला असता. लांब आहे म्हणूनच तो मोठा आहे.”

काय सांगू तुम्हाला! शंभर वर्षं मी ज्याला टाकून देणं समजत होतो, ती माझी नेमणूक होती. त्या साहेबाचा रुमाल मला आठवला. त्यानं मला ब्राऊनपासून तोडलं नव्हतं. ब्राऊनची राखण करायला तीस पावलं पुढं उभं केलं होतं. राखणदार दारात उभा असतो, घरात बसत नाही.

आणि मी काय केलं होतं? अर्ध्या तासापूर्वी?

मॅडम ब्राऊनवर गेल्या. तिथंही वाकून त्यांनी बघितलं, “उतार किती सुरेख दिलाय,” म्हणाल्या. मग भोकाकडे हळूच चेंडू ढकलला. चेंडू निघाला आणि निम्म्यावर खरखरून थांबला. दुसरा ढकलला. तोही थांबला. त्यांनी बोटानं वाळू उचलली.

“वरून सुटी झालीये. तेल धरत नाही का?”

भीमराज पुढं झाला. “मॅडम, ही वाळू ब्राऊनची न्हाई. ही…”

“भीमराज,” भाऊसाहेबांनी मध्येच तोडलं, “मॅडमला पानी आन जा. थंड आन.” आणि मॅडमकडे वळून म्हणाले, “लई जुना झालाय मॅडम. आता जीव न्हाई ऱ्हायला त्याच्यात.”

पाणी मारायचं थांबवलं कुणी, हे त्यांना ठाऊक होतं. भीमराजला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्यातला जो बोलू पाहत होता, त्याला पाण्याला पाठवलं. आणि मला तर तोंडच नाही. एरवी ते नसल्याचं वाईट वाटायचं. त्या दिवशी मी त्याच्याआड लपलो.

भीमराज बाटली घेऊन धापा टाकत आला, तोवर वहीत लिहून झालं होतं. खड्डा आहे तसा ठेवावा, एक इंचही हलवू नये. ब्राऊन काढून गवत करावं, उतार तोच राखावा.

“किती वर्षं सांभाळलात हो हा?” मॅडमनी पाणी पिता पिता विचारलं. त्यांच्या आवाजात आदर होता.

“झाली पस्तीस,” भीमराज म्हणाला. पुढं काही बोलला नाही. आता बोलून भाऊसाहेबांना उघडं पाडायचं, तर वर्षभर त्यांच्याच हाताखाली काढायचं होतं. की तो गप्प बसणाऱ्यांतलाच होता, कोण जाणे.

सगळे गेल्यावर तो ब्राऊनवर उकिडवा बसला. ऊन टाळूवर होतं. काळ्या वाळूतून पांढरे कण त्यानं बोटांनी वेगळे केले, किती तरी वेळ. मूठ भरली तेव्हा उठला, हळूहळू माझ्याकडे आला आणि कडेवर उभा राहून मूठ माझ्यात सोडली. माझं होतं ते मला परत दिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही.

पावसाच्या आधी ब्राऊन खणला. काळी वाळू ट्रॉलीत भरून नेली. गवत आलं. आता तिथं फवारे गरगर फिरतात, त्यांचे तुषार माझ्यापर्यंत येतात. मी बारा महिने ओला असतो; बादलीची गरज उरली नाही. भीमराजला ऑफिसपुढच्या कुंड्यांच्या कामावर घातलं. माझ्या कडेला एक पाटी लावली आहे. त्यावर मला कधी बांधलं, माझी करामत काय, ते सगळं लिहिलं आहे. लोक वाचतात, माझ्यासोबत फोटोही काढतात. चिंचेपेक्षा जास्त! ब्राऊनचं नाव पाटीवर कुठंच नाही.

मी ज्याचा हेवा केला, त्याच्यामुळे मी होतो. राखायला काही असावं लागतं, तरच राखणदार. आता समोर जे हिरवं आहे ते छान आहे, पण त्याची माझी ओळख नाही. तुम्ही कधी या मैदानावर आलात, तर माझी पाटी वाचा, हरकत नाही. पण वाचून झाल्यावर तीस पावलं पुढं जा आणि गवतावर क्षणभर हात ठेवा. खाली कुठंतरी तेलाचा वास अजून असेल.

परवा भीमराजच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. ऑफिसात हार घातले, भाऊसाहेबांनी भाषण केलं. इथवर टाळ्या ऐकू आल्या. ऊन कललं तेव्हा तो एकटाच आला. गळ्यात हार नव्हता. खांद्यावर तोच जुना पाइप होता, गोणपाट गुंडाळलेला.

गवताच्या कडेला तो जरा थांबला. मग वळला आणि माझ्यात उतरला. गुडघे दुखत होते, हात टेकून उतरला. अगदी मध्यावर उभा राहिला, पाइप खाली ठेवला आणि ओढायला लागला. गोल, आणखी गोल, आतून बाहेर.

सर्र… सर्र… मग जरा थांबून पुन्हा सर्र.

शंभर वर्षांनी तो आवाज माझ्या अंगावरून फिरत होता. त्यानं घाई केली नाही. एकही रेघ चुकवली नाही. कडेवरून बाहेर पाऊल टाकलं तेव्हा माझ्या अंगावर कुणाचीही खूण उरली नव्हती, त्याचीसुद्धा.

मग सवयीनं त्यानं मागं वळून पाहिलं.

मी श्वास धरून थांबलो. दोनच शब्द असतात ते. शेठ नको, मला त्याचा मान नाही. नुसतं ‘बास’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

भीमराजनं पाइप खांद्यावर घेतला आणि काही न बोलता चालू लागला.